केळीचा रस आणि पेशीतील दिवे

सूक्ष्मदर्शक कितीही उत्तम घेतला तरी त्याच्या नजरेला एक मर्यादा असते. १८७३ साली जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट ॲबे यांनी दाखवून दिले की, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. हे अंतर सुमारे २०० नॅनोमीटर भरते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग. रक्तातील तांबडी पेशी ७,००० ते ८,००० नॅनोमीटर रुंद, म्हणून ती सहज दिसते. पेशीतील प्रथिने मात्र काही नॅनोमीटरचीच. ती एकमेकांत मिसळून जातात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक याहून बारीक दाखवितो, परंतु त्याखाली पेशी जिवंत राहत नाही. मग जिवंत पेशीचे काम पाहावयाचे कसे?

मी बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील तुकईथडचा. रात्री दूरच्या गावाकडे पाहिले तर सारे दिवे मिळून एकच उजेड दिसतो. तेच दिवे एकेक करून लागले आणि विझले, तर प्रत्येकाची जागा कागदावर टिपता येईल व शेवटी गावाचा नकाशा तयार होईल. हीच युक्ती एरिक बेट्झिग यांनी २००६ साली पेशीत करून दाखविली. २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना, श्टेफान हेल यांना आणि विल्यम मोर्नर यांना मिळाले.

आता दिवे कोणते लावावयाचे? नेहमीची चमकणारी रंगद्रव्ये लवकर फिकी पडतात. 'क्वांटम डॉट' नावाचे अर्धवाहकांचे सूक्ष्म कण पुष्कळ काळ उजळतात आणि आपोआप लुकलुकतातही. त्यांच्या शोधाला व निर्मितीला २०२३ चे नोबेल मिळाले. परंतु त्यांतील पुष्कळांत कॅडमिअम हा विषारी धातू असतो. जिवंत पेशीला तो धोक्याचाच.

म्हणून शास्त्रज्ञ कार्बनच्या कणांकडे वळले. आसाममधील तेजपूर विद्यापीठातील संशोधकांनी केळीचा रस तापवून असे कण तयार केले व २०१३ साली ते प्रसिद्ध केले. अतिनील किरणांखाली हे कण चमकतात. आमच्या भागात केळीचे मळे पुष्कळ, त्यामुळे हे वाचून मला विशेष कौतुक वाटले.

अर्थात केवळ चमकून भागत नाही. कणाने हव्या त्याच प्रथिनाला चिकटले पाहिजे, योग्य वेळी लुकलुकले पाहिजे आणि पेशीला अपाय करता कामा नये. या तिन्ही कसोट्यांना उतरणारा स्वस्त कण तयार करणे, हे काम अजून पुष्कळ बाकी आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिकडे अवश्य लक्ष द्यावे.