जुन्या दप्तरांची हवा

आग आणि पूर यांची भीति सर्वांस वाटते; परंतु जुन्या कागदांचा नित्याचा वैरी म्हणजे हवेंतील ओल. आग एका रात्रींत घात करते. ओल वर्षानुवर्षें, कोणाच्या ध्यानांत न येतां, आपलें काम करीत राहते.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें मिळविलीं, आणि १९१० सालीं सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साह्यानें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलें. राजवाड्यांच्या मृत्यूनंतर १९२७ सालीं धुळ्यास त्यांच्या नांवाची संशोधनसंस्था उभी राहिली. वतनदारांच्या माळ्यांवरचे आणि देवघरांतल्या पेट्यांतले कागद अशा संस्थांच्या स्वाधीन झाले. मोडी वाचणारे आज थोडे, आणि रुमाल पुष्कळ. म्हणून वाचणारा येईपर्यंत कागदानें टिकलें पाहिजे. न वाचतां कुजलेल्या पत्राची दुसरी प्रत कोठेंहि मिळत नाहीं.

ओल म्हणजे नेमकें काय, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. हवा उष्ण असली म्हणजे तिच्यांत अधिक बाष्प मावतें. थंड असली म्हणजे कमी. ३० अंश उष्णतेस एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम बाष्प मावतें. २४ अंशांस सुमारें २२ ग्रॅमच. जितकें मावूं शकतें त्याच्या शेंकडा किती हवेंत आहे, या प्रमाणास सापेक्ष आर्द्रता म्हणतात, आणि कागदाचें सुखदुःख याच प्रमाणावर अवलंबून असतें.

पुण्यास एप्रिलच्या दुपारीं हें प्रमाण २५ टक्क्यांच्याहि खालीं उतरतें, तर श्रावणांत सकाळच्या वेळीं तें ८० च्या वर चढतें. कोरड्या हवेंत कागदाचे तंतू आंखडतात व घड्या चिरतात. दमट हवेंत ते फुगतात. हा आकुंचन-प्रसरणाचा खेळ कागदास झिजवितो. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर टिकून राहिली कीं बुरशी धरते. काजळाच्या शाईचा रंग सहसा उडत नाहीं. परंतु तिच्यांतील गोंद ओलीनें सुटतो, आणि पानास पान चिकटतें. दमट, अंधाऱ्या जागीं कसर व वाळवी यांचेंहि फावतें. दप्तरांत वेखंड ठेवण्याची जुनी चाल किड्यांस दूर ठेवण्यापुरती ठीक; ओल तिनें हटत नाहीं.

यावर वातानुकूलन यंत्र बसविलें म्हणजे काम झालें, असा पुष्कळांचा समज असतो. समजा, खोलींत ३० अंश उष्णता आहे आणि हवेंत घनमीटरास २० ग्रॅम बाष्प आहे. म्हणजे आर्द्रता सुमारें ६६ टक्के झाली. यंत्रानें खोली २४ अंशांवर आणली, पण पाणी फारसें काढलें नाहीं, तर तीच आर्द्रता ९० च्या वर जाईल! खोलीच्या मानानें यंत्र फार मोठें असलें म्हणजे असेंच घडतें. तें खोली झटपट गार करून थांबतें, आणि पाणी काढावयास त्यास अवधीच मिळत नाहीं. त्यांतून सायंकाळीं कचेरीबरोबर यंत्रहि बंद केलें, म्हणजे बाहेरची दमट हवा फटींतून शिरून गार कपाटांस व रुमालांस भिडते. गार पाण्याच्या तांब्यास बाहेरून पाणी सुटतें, तोच प्रकार येथें होतो. दिवसां चालणारें व रात्रीं बंद राहणारें यंत्र कित्येकदां नसलेलेंच बरें.

तात्पर्य, कागदास गारव्यापेक्षां स्थैर्य अधिक मानवतें. पूर्वीं २० अंश उष्णता व ५० टक्के आर्द्रता असा एकच कांटेकोर आंकडा सांगितला जात असे. २०१४ सालीं संग्रहरक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनीं स्थानिक हवामान ध्यानांत घेऊन नियम ठरवावेत, असें जाहीर केलें. आतां सामान्यतः १६ ते २५ अंश उष्णता, ४० ते ६० टक्के आर्द्रता, आणि एका दिवसांत १० टक्क्यांहून अधिक चढउतार नाहीं, एवढें पुरेसें मानतात. आपल्याकडे उन्हाळ्यांत उष्णतेची ही मर्यादा राखणें खर्चाचें आहे. परंतु आर्द्रता ६० च्या आंत ठेवणें लहान संस्थेसहि साधण्यासारखें आहे.

त्याचा क्रम असा असावा. प्रथम खोलींत आर्द्रतामापक ठेवून एक वर्षभर सकाळ-सायंकाळ नोंद करावी. रोग कळल्यावांचून औषध नको. मग छपराची गळती, पन्हळी व भिंतींची ओल यांची दुरुस्ती करावी. कपाटें बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर व जमिनीपासून उंच असावींत. कागद सुती रुमालांत बांधून आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्यांत ठेवावेत. कापड व पुठ्ठा हे स्वतः थोडी ओल शोषतात आणि सोडतात, त्यामुळें बाहेरचा चढउतार आंत सावकाश पोहोंचतो. दारें-खिडक्यांच्या फटी बुजवून पावसाळ्यांत हवेंतील पाणी ओढणारें यंत्र रात्रंदिवस चालवावें, व त्याचें पात्र नेमानें रिकामें करावें. पावसाळा सरल्यावर पोथ्यांस ऊन दाखविण्याच्या चालींत हेतु उत्तम आहे; परंतु उन्हानें कागद पिवळा पडतो, म्हणून सावलींत वारा द्यावा. कागद भिजलाच, तर तो ४८ तासांच्या आंत वाऱ्यावर सुकवावा. त्यापुढें बुरशी गांठते.

यांतील बहुतेक कामें द्रव्यापेक्षां नेमाची आहेत. ज्यांनीं हे कागद मिळविले, त्यांनीं पायपिटीचे कष्ट सोसले. ते राखणाऱ्यांकडून रोज दोन वेळां एका कांट्याकडे पाहण्याची अपेक्षा आहे.