अंडरस्टेबल डिस्टन्स ड्रायव्हरची निवड : लोणावळ्याची उंची आणि वारा

डिस्क गोल्फ या खेळात चेंडूच्या जागी चकती व खळीच्या जागी साखळ्यांची टोपली असते. १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह येथे एड हेड्रिक यांनी या खेळाचे पहिले कायम मैदान आखले. १९८३ साली डेव्ह डनिपेस यांनी तिरप्या कडेची चकती बनविली आणि लांब पल्ल्याच्या चकत्यांचा, म्हणजे डिस्टन्स ड्रायव्हरचा, विकास शक्य झाला. यांपैकी जी चकती उजव्या हाताने उलट्या फटक्याने फेकली असता वेगात असताना उजवीकडे कलते, तिला अंडरस्टेबल म्हणतात. उंच प्रदेशात अधिक अंडरस्टेबल चकती घ्यावी, असा सल्ला खेळाडूंत रूढ आहे. हा सल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ६२२ मीटर उंचीवरील लोणावळ्यास व मावळास कितपत लागू पडतो, याचा येथे विचार करावयाचा आहे.

चकती वेगाने जात असता हवेच्या दाबाचा मध्य तिच्या गुरुत्वमध्याच्या मागे असतो. त्यामुळे तिचे पुढचे टोक खाली दाबणारे परिबल निर्माण होते. परंतु चकती स्वतःभोवती फिरत असल्याने टोक खाली न जाता परांचनामुळे ती उजवीकडे कलते. वेग मंदावला की तिचा हवेशी होणारा कोन वाढतो, दाबमध्य पुढे सरकतो, आणि कल डावीकडे वळतो. कलण्याचा दर हा परिबलाच्या सम प्रमाणात, तर निरूढी परिबल व फिरण्याचा वेग यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. परिबल स्वतः हवेच्या घनतेवर व हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. निवडीचे सारे गणित या एका संबंधात सामावलेले आहे.

आता आकडे पाहू. प्रमाण वातावरणात ६२२ मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ६ टक्के कमी असते. म्हणजे उजवीकडील कलही तितकाच घटेल. परंतु सेकंदाला २५ मीटर वेगाने फेकलेल्या चकतीस समोरून सेकंदाला ५ मीटर वारा लागल्यास सापेक्ष वेग ३० मीटर होतो व परिबल ४४ टक्के वाढते. तोच वारा पाठीमागून असल्यास ते ३६ टक्के घटते. चकतीचे वजन १७५ ग्रॅमवरून १६० ग्रॅमवर आणल्यास, आकार व वस्तुमानाची विभागणी तीच असता, कल सुमारे ९ टक्के वाढतो. यावरून असे दिसते की, घाटमाथ्याची उंची केवळ वजनातील फरकाने भरून निघते. वाऱ्याचा परिणाम मात्र तिच्या कित्येक पट आहे.

चकत्यांवर वेग, तरंगणे, उजवा कल व अखेरचा डावा कल दर्शविणारे चार अंक दिलेले असतात. इनोव्हा कंपनीच्या वाल्किरीचे अंक ९, ४, −२, २. साइडवाइंडरचे ९, ५, −३, १. रोडरनरचे ९, ५, −४, १. आणि मांबाचे ११, ६, −५, १ असे आहेत. तिसरा अंक चकतीला तिच्याजोगा वेग मिळाला तरच खरा ठरतो. ज्याची फेक सेकंदाला २० मीटरपुरतीच आहे, त्यास २५ मीटरवाल्याच्या तुलनेत ६४ टक्केच परिबल लाभते. अशा खेळाडूने −५ या अंकाला भुलून रुंद कडेची मांबा घेण्यापेक्षा रोडरनर घेणे अधिक हितकर होय.

मावळात पावसाळ्यातील वारा प्रायः पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. तेव्हा घाटाच्या दिशेने फेकताना वाल्किरीसारखी अल्प कलाची, तर इंद्रायणीच्या खोऱ्याकडे, म्हणजे पूर्वेकडे, फेकताना साइडवाइंडर अथवा रोडरनर योग्य ठरेल. ओल्या चकतीवर पकड ढिली पडून ती कमी फिरते व त्यामुळे अधिक कलते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पावसाळा सरल्यावर निवांत सकाळी मात्र निवड मुख्यतः फेकीच्या वेगावरूनच करावी.

सारांश, उंचीचा सल्ला तत्त्वतः खरा असला तरी लोणावळ्यापुरता तो गौण आहे. प्रथम स्वतःचा वेग, मग वारा, त्यानंतर वजन आणि सर्वांत शेवटी उंची, हाच निवडीचा क्रम युक्त होय.