अपंगांची नोकरी: ऐकीव समज आणि कायदा

अपघातात पाय गेला किंवा दृष्टी गेली की सरकारी नोकरी सोडावीच लागते, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. घाबरलेलं कुटुंब आणि घाईला आलेलं कार्यालय मिळून माणसाकडून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून घेतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 याच्या नेमकं उलट सांगतं. सेवेत असताना अपंगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दाही उतरवता येत नाही. जुनं काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तशी जागा रिकामी नसेल, तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचं. काही आस्थापनांना सरकार अधिसूचना काढून यातून सूट देऊ शकतं, पण सूट हा अपवाद आहे. 1995 च्या कायद्यातही हे संरक्षण होतं. पाय कापावा लागलेल्या एका शिपायाला निमलष्करी दलानं सेवेतून कमी केलं, तेव्हा 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. त्याला अपंगत्व निवृत्तिवेतन मिळालंय, म्हणून त्याचा हक्क संपला, हे म्हणणंही न्यायालयानं मानलं नाही.

‘खासगी कंपन्यांना यातलं काहीच लागू नाही,’ असंही सर्रास म्हटलं जातं. 4 टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं आहे, हे खरं. पण समान संधी धोरण जाहीर करणं खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील, तर अपंगांसाठी कोणती पदं आणि कोणत्या सोयी आहेत, हेही त्यात लिहावं लागतं.

आणि सोयी म्हणजे लाखोंचा खर्च, हे गृहीत का धरायचं? संगणकाचा पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए दोन अंध प्रोग्रॅमरांनी घडवलं. ते मोफत आहे आणि मराठीही वाचतं.

अपंग म्हणजे कुबड्या किंवा पांढरी काठी, हे चित्रही आता जुनं झालं. कायद्यातले 7 प्रकार 2016 मध्ये 21 झाले. स्वमग्नता, सिकल सेल त्यात आले. मात्र यादीत नाव आलं म्हणजे राखीव जागा मिळाली, असं नाही. आरक्षणाला किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. शिवाय सिकल सेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आरक्षणाच्या गटांत नाहीतच. विदर्भातल्या आदिवासी भागात सिकल सेलचे रुग्ण मोठ्या संख्येनं आहेत. त्यांना वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

हक्क डावलला गेला, तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार कायद्यानं त्यांना दिले आहेत.