ट्रॅक्टर 'सेल्फ' घेत नाही? स्विच 'डायरेक्ट' करू नका

उन्हाळी कामे आटोपली की छोटा ट्रॅक्टर पडवीला उभा राहतो आणि मिरगाचा पाऊस पडल्यावर चिखलणीसाठी चावी फिरवावी तर यंत्र गप्प! कर्ली नदीच्या खाडीकाठच्या वालावलसारख्या गावात हा अनुभव नवा नाही. भातखाचरात रोटाव्हेटर चालविणे, माडांच्या आणि काजूच्या बागेतील गवत कापणे ही कामे आता अनेक ठिकाणी छोट्या ट्रॅक्टरवर होतात. इंजिनाची देखभाल आपण बऱ्यापैकी करतो. वायरिंगकडे मात्र यंत्र अडल्याशिवाय कोणी पाहत नाही.

किनारपट्टीच्या हवेत क्षार आणि ओलावा दोन्ही असतात. त्यामुळे तांब्याच्या जोडावर हिरवट थर चढतो, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट पूड साचते आणि लोखंडी चॅसिसला जोडलेली अर्थिंगची पट्टी आतून गंजते. वीजप्रवाहाला एवढा अडथळा पुरतो. वायर तुटलेली नसते, स्विचही चांगला असतो, तरी स्टार्टर फिरत नाही. म्हणून सुटा भाग विकत आणण्यापूर्वी जोड तपासावेत.

वीज कोणत्या वाटेने जाते हे लक्षात घेतले तर दोष शोधणे सोपे होते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून फ्यूजमार्गे ती चावीच्या स्विचकडे येते, तेथून सुरक्षा स्विचमधून सोलेनॉइडच्या बारीक वायरीपर्यंत जाते. सोलेनॉइडने खटका ओढला की जाड केबलमधून मोठा प्रवाह स्टार्टर मोटरला मिळतो आणि इंजिनाच्या धातूतून, अर्थिंगच्या पट्टीने बॅटरीकडे परततो. सुरक्षा स्विच बहुधा क्लचच्या पायपट्टीजवळ किंवा गिअरच्या दांड्यापाशी असतो. काही यंत्रांत पी.टी.ओ.च्या दांड्यालाही असतो. क्लच दाबलेला नसेल किंवा यंत्र न्यूट्रलमध्ये नसेल, तर हा स्विच स्टार्टरची वाट बंद ठेवतो. आपल्या यंत्रात तो नेमका कोठे आहे हे माहितीपुस्तिकेत पाहावे. बसून चालविण्याच्या गवत कापणी यंत्रात आसनाखालीही असा स्विच असतो. चालक उठला की पाते किंवा इंजिन बंद पडते. असे यंत्र खाचखळग्यात मध्येच बंद पडू लागले तर प्रथम आसनाची स्प्रिंग आणि या स्विचची जोडणी पाहावी.

आता तपासणी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हँडब्रेक लावावा, चाकांना दगड लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पी.टी.ओ. बंद ठेवावा. मग दिवे लावून चावी फिरवावी आणि कान देऊन ऐकावे. दिवेच लागत नसतील तर बॅटरी, मुख्य फ्यूज किंवा टर्मिनल यांत दोष असतो. 'टिकटिकटिक' असा सलग आवाज येऊन दिवे मंदावत असतील तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ठसठशीत 'टिक' येऊन दिवे तेजस्वी राहिले तर सोलेनॉइडचे आतील संपर्क किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजले असण्याचा संभव असतो. हे काम कारागिराचे. दिवे तेजस्वी, पण आवाज अजिबात नाही, अशा वेळी चावी, सुरक्षा स्विच आणि बारीक वायर यांकडे वळावे.

पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर प्रथम चार्ज करून घ्यावी, नाहीतर पुढची सगळी तपासणी फसवी ठरते. टर्मिनल काढताना ऋण बाजू आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पूड धुवावी. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. नंतर पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावावी. हाच उपचार अर्थिंगच्या पट्टीलाही करावा. पट्टी जेथे आवळली आहे तेथील रंग आणि गंज खरवडल्याशिवाय उपयोग नाही.

सुरक्षा स्विचची वाट तपासण्यास दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. प्रथम सोलेनॉइडवरील बारीक वायर काढून ठेवावी. ही पायरी गाळू नये, कारण दोष अचानक सुटला तर तपासताना इंजिन फिरेल. बल्बची एक वायर इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावावी, दुसरी या सुट्या वायरीच्या टोकाला. दुसऱ्या माणसाने आसनावर बसून क्लच दाबून चावी 'स्टार्ट'वर धरावी. बल्ब पेटला तर इथपर्यंतची वाट ठीक आहे. न पेटल्यास मागे मागे यावे: स्विचच्या येणाऱ्या टोकाला पेटतो आणि जाणाऱ्या टोकाला पेटत नाही, तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या जोडात आहे. जोड उघडून स्वच्छ करावा, पायपट्टी स्विचचा दांडा पूर्ण दाबते का हे पाहावे आणि पुन्हा तपासावे. मगच नवा स्विच आणावा.

मी पिकांचा माणूस, यंत्राचा नव्हे. तरी एक बाब सांगितल्याशिवाय राहवत नाही. वालावल परिसरातील एका बागेत गेलो असता क्लच न दाबताही ट्रॅक्टर सुरू होतो, हे मालकांनी कौतुकाने दाखविले. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी स्विचच्या दोन्ही वायरी पिळून एकत्र बांधल्या होत्या, म्हणजे स्विच 'डायरेक्ट' केला होता. जुना स्विच खोक्यात पडून होता. बल्ब लावून पाहिला, तर तो अगदी चांगला निघाला! फक्त त्याच्या जोडावर हिरवा थर होता.

अशा यंत्राचा धोका नीट समजून घ्यावा. गिअर पडलेला आहे हे ध्यानात न येता खाली उभे राहून चावी फिरविली, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्टार्टरच्या दोन टोकांवर पान्हा टेकवला, तर इंजिन सुरू होताच ट्रॅक्टर पुढे झेप घेतो. पान्हा टेकवणारा माणूस बहुधा मागच्या चाकाच्या पुढ्यातच उभा असतो. त्याला बाजूला होण्यास वेळ मिळत नाही. पी.टी.ओ. जोडलेला असेल तर रोटाव्हेटरही त्याच क्षणी फिरू लागतो, आणि त्याची पाती साफ करणारा बहुधा घरचाच कोणी असतो.

स्विच काम करतो की नाही याची परीक्षा पावसाळ्यापूर्वी एकदा करावी. आसनावर बसून, यंत्राच्या पुढेमागे कोणी नाही याची खात्री करून, ब्रेक दाबून न्यूट्रलमध्ये क्लच न दाबता चावी फिरवावी. क्लचचा स्विच असलेल्या यंत्रात स्टार्टर फिरता कामा नये. फिरलाच, तर कोणीतरी तो 'डायरेक्ट' केला आहे किंवा स्विच आतून चिकटला आहे. दुरुस्ती होईपर्यंत यंत्र कामाला लावू नये.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही, पण पेट्रोलवर चालणारा ग्रास कटर आहे, त्यांच्यासाठी थोडेसे. त्याचा बंद करण्याचा स्विच उलट रीतीने काम करतो: तो प्रज्वलनाची वायर इंजिनाच्या धातूला जोडून ठिणगी थांबवतो. त्यामुळे ही वायर सोलून धातूला टेकली तर यंत्र सुरूच होत नाही, आणि वायर तुटली तर सुरू झालेले यंत्र स्विचने बंद होत नाही. दांड्यालगतची वायर जेथे घासते तेथे रबरी नळीचा तुकडा चढवून बांधावा. स्विचने बंद न होणारे यंत्र चोक ओढून थांबवावे आणि वायर जोडून घेईपर्यंत पुन्हा सुरू करू नये.