मागचे सस्पेन्शन घरी खोलताय? आधी वजन सावरा
स्पोर्ट्‌स कारच्या दुरुस्तीत पान्यापेक्षा जॅकची जागा महत्त्वाची

वर्धा, प्रतिनिधी

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि वर्धा जिल्ह्यातून वेगवान मोटारींना सलग काँक्रीटचा रस्ता मिळाला. मात्र महामार्ग सोडून गावाच्या वाटेला लागले की गतिरोधक आणि खड्डे ठरलेलेच. जमिनीलगत धावणाऱ्या, कडक स्प्रिंगांच्या स्पोर्ट्‌स कारला त्यांचा मार अधिक बसतो. मागच्या बाजूने खडखड ऐकू येऊ लागते, शॉक अॅब्सॉर्बरमधून तेल झिरपते, रबरी बुश फाटतात. गोव्यात तयार झालेली सॅन मोटर्सची 'स्टॉर्म' किंवा दिलीप छाब्रिया यांची 'अवंती' यांसारख्या उत्पादन थांबलेल्या गाड्यांच्या बाबतीत तर ओळखीचे वर्कशॉप सापडणेही कठीण. मग हौशी मालक स्वतःच पाना हाती घेतो.

हे काम अशक्य नाही. परंतु त्यातील खरा धोका गंजलेल्या नटात नसून गाडीचे वजन आणि दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली शक्ती यांत आहे.

हँडब्रेकवर विसंबू नये

बहुतेक मोटारींत हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलली की ती चाके अधांतरी होतात आणि हँडब्रेक निरुपयोगी ठरतो. 'स्टॉर्म'सारख्या, पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीत गिअर टाकून ठेवल्यास थोडा आधार मिळतो. 'अवंती'त इंजिन आसनांच्या मागे असून ताकद मागच्या चाकांना मिळते. तेथे गिअरचाही उपयोग होत नाही. तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून भक्कम ठोकळे लावणे हाच खरा ब्रेक होय.

काळ्या मातीचा दगा

जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, पेलून धरण्याचे नव्हे. गाडी उचलताच कंपनीने नेमून दिलेल्या जागी दोन मजबूत स्टँड लावावेत आणि गाडी त्यांवर टेकवावी. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे कदापि वापरू नयेत. ते कोणतीही पूर्वसूचना न देता फुटतात.

वर्ध्यात जमिनीचाही विचार करावा लागतो. येथील काळी कपाशीची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अंगणातील फरशी वरून सपाट दिसली तरी खाली पोकळी असू शकते. वैशाखातील उन्हात डांबरही मऊ होते आणि स्टँडचे पाय त्यात रुततात. पक्के काँक्रीट हीच योग्य जागा. स्टँड लावल्यावर उभ्यानेच गाडीला जोराचा धक्का देऊन पाहावा; ती जराही हलली तर खाली शिरू नये. काढलेली चाके गाडीच्या कडेखाली आडवी ठेवावीत. दुर्दैवाने स्टँड घसरलाच, तर तेवढी फट जीव वाचवू शकते.

स्प्रिंग कशाने अडली आहे?

पहिला नट सैल करण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे. स्प्रिंग शॉक अॅब्सॉर्बरवरच बसवलेली असेल, तर संपूर्ण जोडी एकत्र बाहेर काढता येते. मात्र तिच्या माथ्यावरील मधला नट गाडीवर असताना सोडू नये. स्प्रिंग त्याच नटाने आवळून धरलेली असते. तो सुटला तर ती गोळीसारखी उसळते. स्प्रिंग वेगळी करण्याचे काम योग्य कॉम्प्रेसर असलेल्या कारागिराकडे सोपवावे.

स्प्रिंग स्वतंत्र असेल, तर ती खालच्या आर्मने दाबून धरलेली असते. अशा वेळी आर्मखाली दुसरा जॅक लावूनच बोल्ट काढावा आणि जॅक अगदी सावकाश उतरवावा. स्प्रिंगचा ताण पूर्ण गेल्याशिवाय हात आत घालू नये.

दोन्ही बाजू सारख्या उंचीवर ठेवाव्यात. अन्यथा अँटी-रोल बारमध्ये पीळ राहतो आणि लिंक सुटताच तो झटका देतो. ब्रेक कॅलिपर नळीवर लोंबू न देता तारेने बांधावा. एबीएसची वायर आधीच सोडवून ठेवावी. घट्ट बसलेला नट सैल करण्यासाठी भेदक तेल वापरावे. इंधनाची टाकी किंवा वायूभरीत शॉक अॅब्सॉर्बरजवळ ज्योत नेणे जिवावर बेतू शकते.

जोडतानाची चूक

बुशचे बोल्ट चाके लोंबकळत असताना आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुशही लवकर फाटतात. म्हणून शेवटची आवळणी गाडीचा भार चाकांवर आल्यावरच, टॉर्क पान्याने आणि माहितीपुस्तिकेतील मापानुसार करावी. एकदा काढलेले सेल्फ-लॉकिंग नट पुन्हा वापरू नयेत. नंतर चारही चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. तोवर महामार्गाचा मोह टाळावा.

हे काम एकट्याने कधीही करू नये. शेजारी एक जाणता माणूस उभा असावा आणि १०८ क्रमांक त्यालाही ठाऊक असावा. ठोकळे, स्टँड आणि पक्की जमीन यांपैकी एकाचीही खात्री नसेल, तर गाडी गॅरेजमध्ये नेण्यात कोणताही कमीपणा नाही.