नाशकात दोन दिवस, एक रात्र

युरोपात शहर पाहणारे आधी चर्चचा मनोरा गाठतात. नाशकात सुरुवात घंटेनेच करा. गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा पोर्तुगीज आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. मोठ्या आवाजाच्या माणसाला इथे आजही ‘नारोशंकराची घंटा’च म्हणतात! समोर दुतोंड्या मारुती. गोदेला पूर किती, हे नाशिककर त्याच्याकडे बघून ठरवतात.

पांडवलेणी सकाळी चढावी, दुपारी पायऱ्या तापतात. एकूण २४ लेणी. १७ क्रमांकाचे लेणे इंद्राग्निदत्त या यवनाने कोरवून घेतले. म्हणजे ग्रीकांशी नाशिकचा संबंध जुनाच.

खरेदी जुन्या नाशकात. सराफ बाजारात चांदी, भांडी बाजारात तांब्या-पितळेची भांडी. ती तराजूत घालून वजनावर मिळतात, म्हणून भाव आधी विचारून ठेवा. चिवडा आणि मनुका घरच्यांसाठी. पैठणी हवी असेल तर येवला गाठा. दुकानातल्या घडीपेक्षा मागावरची साडी पाहण्यात खरी गंमत आहे.

रात्र? बार्सिलोनाची अपेक्षा ठेवू नका, जुने गाव लवकर निजते. संध्याकाळी रामकुंडावरची आरती, नाहीतर गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यातली वाईन. द्राक्षतोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, तेव्हाच जा. ‘ड्राय डे’ मात्र आधी तपासा. आणि परतीच्या सकाळी मिसळ चुकवू नका.