शर्यतीचा जुना बैल आणि गाडीवानाची जबाबदारी

चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की बैलगाडी शर्यतींची मैदाने भरू लागतात. मुंबईत दिंडोशी, भांडुपसारख्या भागांत नोकरीनिमित्त राहणारी आपली मंडळीही त्यासाठी गावी येतात. पश्चिम महाराष्ट्रात छकडे पळतात, विदर्भात शंकरपट भरतो. जिंकलेल्या जोडीवर गुलाल पडतो. पण त्याच मैदानात कधी कधी दाताने जुळलेला, अनेक हंगाम पळूनही चारही पायांनी धड असलेला खिलार बैल दिसतो. त्याचे कौतुक मात्र आपण पुरेसे करीत नाही. असा बैल आपोआप टिकत नाही, त्याला जपणारा मालक व गाडीवान लाभावा लागतो.

बंदीचा धडा

सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी या शर्यतींवर बंदी घातली. बैल हा ओढकामाचा प्राणी असून घोड्याप्रमाणे धावण्यासाठी त्याची शरीररचना नाही, हा त्या निकालातील एक मुद्दा होता. राज्य शासनाने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने हा कायदा वैध ठरविला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी, एक हजार मीटरपर्यंतच धाव, तसेच काठी, चाबूक व विजेचा धक्का यांना मनाई या त्यातील प्रमुख अटी आहेत. मिळालेली परवानगी टिकविणे आता आपल्याच हाती आहे.

बैलाचे शरीर समजून घ्या

घोड्याला धावताना भरपूर घाम येतो व त्याचे अंग निवते. बैलाला त्या मानाने घाम कमी येतो, म्हणून शरीरातील बरीच उष्णता त्याला श्वासावाटे बाहेर टाकावी लागते. पोट चाऱ्याने भरलेले असल्यास फुप्फुसांवर दाब येऊन श्वास अपुरा पडतो. यासाठी शर्यतीपूर्वी पोटभर वैरण देऊ नये व भर उन्हात बैल पळवू नये.

वयाचाही विचार करावा. पहिले दोन कायमचे दात साधारण दोन ते अडीच वर्षांत येतात आणि बैल पाचव्या वर्षाच्या सुमारास जुळतो. तोपर्यंत हाडे व सांधे वाढीच्या अवस्थेत असतात. आदत खोंडाला बक्षिसाच्या लोभाने वारंवार पळविल्यास तो जुळण्यापूर्वीच निकामी होण्याचा धोका असतो.

गाडीवानाने काय पाहावे

1. जुंपण्यापूर्वी खुरांच्या बेचक्यात खडा नाही ना व पत्री सैल नाही ना, हे पाहावे.
2. खांद्यावर सूज किंवा जखम असल्यास बैल जुंपू नये.
3. शेपूट पिरगाळणे, चावणे, पराणी टोचणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत.
4. धाव संपताच बैल एकदम उभा न करता सावकाश फिरवावा. नंतर सावलीत बांधून थोडे थोडे पाणी पाजावे.
5. कुशीची हालचाल मोजावी. विश्रांतीत श्वास मिनिटाला साधारण 15 ते 35 असतो. अर्ध्या तासानंतरही धाप ओसरली नाही, तर त्या दिवशी बैल पुन्हा पळवू नये व पशुवैद्यकास दाखवावा.

एका यात्रेत मी पाहिलेला प्रसंग सांगतो. आघाडीवर असलेल्या गाडीचा उजवा बैल किंचित लंगडला. गाडीवानाने तत्काळ कासरा ओढला आणि गाडी बाजूला घेतली. लोकांनी हुर्यो उडविली. खाली उतरून पाहिले तर पत्री निघाली होती व खुरात खडा रुतला होता. त्या दिवशीचे बक्षीस हुकले, परंतु पुढच्या हंगामात तोच बैल त्याच मैदानात पळताना दिसला. हुर्यो उडविणाऱ्यांपैकी किती जणांना याची आठवण राहिली असेल?

धाव थांबविण्याची वेळ

धाप ओसरण्यास पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागणे, सकाळी उठताना पाय आखडणे, वळणावर बिचकणे ही लक्षणे दिसू लागली की बैलाची शर्यत थांबवावी. त्याचा खुराक एकदम बंद न करता हळूहळू कमी करावा. दात झिजलेले असल्यास कुट्टी केलेला मऊ चारा द्यावा. कोळपणीसारखे हलके काम दिल्यास अंग मोकळे राहते. बैल खच्ची केलेला नसून जातिवंत असेल, तर पैदाशीसाठी त्याचा उपयोग होईल का, याचा सल्ला पशुवैद्यकाकडून घ्यावा.

पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. ज्या खांद्याने जू वाहिले, त्या खांद्याला हळद व तूप चोळून त्याचे ऋण मानतो. हीच भावना वर्षभर मैदानात व गोठ्यात पाळावी. बक्षिसाची ढाल भिंतीवर राहते, बैल मात्र दावणीला असतो. तो म्हातारपणीही स्वतःच्या पायांवर नीट उभा राहिला, तर गाडीवान खरा जिंकला असे समजावे.